मामाच्या चटया

लेईवियाच्या बापाला निम्मं आयुष्य देशच नव्हता. बेटांवर इंग्रज आणि फ्रेंच मिळून राज्य करत, पण इथला माणूस कागदोपत्री दोघांपैकी कुणाचाच नव्हता. वानुआतू स्वतंत्र झाला तेव्हा म्हातारा किनाऱ्यावर बसून ढसाढसा रडला. पुढे तिथंच त्याला पुरलं.

आता तोच देश विकत मिळतो. पैसे भरा, पासपोर्ट घ्या, इथं पाय ठेवायचीही गरज नाही. ब्रूनर नावाचा पठ्ठ्या मात्र आलाच. लेईवियाचा भाऊ काल्तौ गावाचा मुखिया. त्यानं किनारा ब्रूनरला भाड्यानं देऊन टाकला. ब्रूनरनं फाटक ठोकलं आणि थडग्याकडची वाट बंद झाली.

"वाट मोकळी करायला सांग त्याला," लेईविया भावाच्या मागेच लागली.

"अगं ताई, कायद्यानं तोही इथलाच नागरिक आहे."

"असं? बापाला विचारून ये जा. पण जाशील कसा, फाटक आहे ना."

काल्तौ तोंड फिरवून कावा, म्हणजे मुळांचं झिंग आणणारं पेय, प्यायला निघून गेला.

मग तिच्या मुलीचं, लेईमासचं लग्न निघालं. लग्नात मामाला चटया आणि डुक्कर द्यायचं, आणि ते घेतलं की मामानं भाचीचं एक मागणं गावासमोर पुरवायचं, अशी त्यांची रीत. काल्तौ नवा शर्ट घालून ऐटीत बसला होता. लेईविया त्याच्या पुढ्यातून सरळ निघून गेली आणि तिनं चटया ब्रूनरच्या पायाशी आपटल्या.

"घे, मामाचा मान. तूही इथलाच ना?"

ब्रूनर हरखला. त्यानं फोटोही काढून घेतले. भावाचं तोंड एवढंसं झालेलं पाहून लेईवियाला बरं वाटलं, आणि तिनं ते लपवलं नाही.

लेईमास पुढे आली. "मामा, आजोबांची वाट उघड."

"वाट?" ब्रूनर हसायचा थांबला. "त्याचं मला वकिलाशी बोलावं लागेल."

गावातल्या दोन म्हाताऱ्यांनी त्याच्या पायापासून चटया ओढून घेतल्या.

"बघितलास तुझा नागरिक?" लेईविया भावाला म्हणाली.

काल्तौ उठला. "बास झाली शोभा. आणा त्या इकडे." त्यानं हात पुढे केला.

"घे की मामा," लेईमास म्हणाली. "मागणं तेच आहे."

काल्तौनं एकदा ब्रूनरकडे पाहिलं आणि हात मागे घेतला. लेईमासचं लग्न मामाशिवाय लागलं.