दादरा बांधलेली बरणी

ती बरणी आजही डोळ्यांसमोरून हलत नाही. पांढऱ्या चिनी मातीवर मिन्याच्या रंगांत गुलाबी फुलं आणि एक हिरवा पक्षी. बोट फिरवलं की रंग उंच लागे. फिर्यादीचे पणजोबा बडोदे दरबारात अधिकारी, त्यांच्या वेळची ही चीनची वस्तू. ती चोरीला गेल्याची फिर्याद पणतूने माझ्या ठाण्यात दिली. घरात तो आणि त्याची म्हातारी आई. काचेच्या कपाटाचं कुलूप शाबूत होतं. असं असलं की चोर लांबचा नसतो, म्हणून मी घरी येणाऱ्याजाणाऱ्यांची चौकशी लावली.

सोसायटीच्या वॉचमनने खबर दिली. समोरच्या इमारतीतल्या बेन काहीतरी गुंडाळून नेताना दिसल्या होत्या. बेन म्हणजे गुजराती बाई, निवृत्त शिक्षिका, फिर्यादीच्या आईंची जुनी मैत्रीण. वयस्क बाईला ठाण्यात बोलवायचं नसतं, म्हणून महिला कॉन्स्टेबल आणि दोन पंच घेऊन आम्हीच गेलो. जीप थांबताच सगळ्या गॅलऱ्या भरल्या.

बरणी बेनच्या स्वयंपाकघरातच होती, गळ्यापर्यंत कैरीचं लोणचं भरलेली.

"साहेब, में चोरी नथी करी."

"मग इथं कशी आली?"

"ते मी नाही सांगणार. वचन आप्युं छे."

मागोमाग आलेला फिर्यादी दारातूनच ओरडला, "मासी, तुम्ही? लाज नाही वाटली?"

खोटा आळ आला की माणूस चिडतो. या बाई नुसत्या खाली बघत राहिल्या. मला ते खटकलं.

पंचनामा लिहिताना बरणीच्या तोंडाला बांधलेल्या दादऱ्याकडे लक्ष गेलं. जांभळ्या काठाच्या लुगड्याचं फडकं. तसंच फडकं सकाळी फिर्यादीच्या आईंच्या हातात पाहिलं होतं, चहाचं पातेलं उतरवताना.

सगळ्यांना घेऊन समोर गेलो आणि आईंना एवढंच विचारलं, "लोणचं कुणी घातलं?"

त्या मटकन खाली बसल्या. "मीच. यानं बरणी काचेत ठेवली, हात लावू देईना. प्लास्टिकात का लोणचं टिकतं? हा परगावी गेला तेव्हा हिच्याकडे पाठवली आणि तिथंच घातलं. यानं फिर्याद दिली, तेव्हा सांगायला जीभ उचलेना."

"आई, मला सांगायचंस ना!"

"तुझी भीती वाटते रे मला."

हे पंचांसमोर. मुलाचा चेहरा उतरला. खाकी घालून त्या घरात उभं राहायची मलाच लाज वाटू लागली.

फिर्याद गैरसमजुतीची ठरवून कागद मिटवला. बरणी द्यायला बेन स्वतः आल्या. लोणचं काढून, धुऊन, पुसून, वर तोच दादरा. आईंनी तो सोडला. आत मूठभर साखर होती. शेजारचं भांडं रिकामं परत करायचं नाही, ही रीत बेननी त्याही दिवशी मोडली नाही. "लो," एवढंच म्हणाल्या आणि जिना उतरल्या. आईंनी तोंडाला पदर लावला. मुलगा "मासी" म्हणत जिन्यापर्यंत गेला, पुढे त्याचे पाय उचलले नाहीत.

त्या प्रकरणात चोर नव्हताच, तरी आम्ही सगळे चोरासारखे उभे होतो. माणूस गप्प राहिला म्हणजे तो काही लपवतोय, असं आम्ही धरून चालतो. तो कुणाची अब्रू झाकत असेल, हे मला बेननी शिकवलं.

बरणी पुन्हा काचेत गेली नाही, असं वॉचमन नंतर म्हणाला. पण समोरची बेनची गॅलरी मात्र तेव्हापासून बंद असते.