शनिवारचा पास्ता

आमच्या घरी रविवारी मटण ठरलेलं आणि शनिवारी मांसाहार बंद. त्यामुळं शनिवारी संध्याकाळी काय करायचं, हा प्रश्न मी लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून होता. तो सुनेनं पास्ता करून सोडवला. ओव्हनमधून काचेचं भांडं दोन्ही हातांनी धरून आणायची आणि टेबलावर ठेवायची. वरचं चीज लालसर झालेलं, कडेनं सॉस अजून बुडबुडत असलेला. पहिल्यांदा केला तेव्हा माझ्या नवऱ्यानं स्वयंपाकघरात डोकावून पांढऱ्या सॉसचं पातेलं बघितलं आणि तिला विचारलं, "शनिवारी पांढरा रस्सा? आणि एवढा घट्ट कशानं झाला?" ती इतकी हसली की ओट्याला धरून उभी राहिली. जेवताना त्यांनी नावं ठेवत ठेवत दोनदा वाढून घेतलं. पुढं शनिवार म्हटलं की तेच.

ती इचलकरंजीची. माहेरी घराला लागूनच यंत्रमागांची शेड, त्यामुळं बोलणं मोठ्यानं. टोमॅटोच्या सॉसमध्ये आपली कांदा-लसणाची चटणी चमचाभर घालायची आणि म्हणायची, "त्याबिगर ह्या घरात कोण खाणार हाय?" मी शेजारी उभी राहून चीज किसून द्यायचे. माझं काम तेवढंच. बाकी सगळं तिचं तिनं केलं, मी बघत राहिले, आणि बघितलं म्हणजे आपल्याला आलं असं मला वाटायचं.

दोनेक वर्षांपूर्वी ती आणि माझा मुलगा वेगळे झाले. कुणाचं चुकलं ते मला विचारू नका. दोघांनीही सांगितलं नाही. भांडी आदळली नाहीत, आरडाओरडा झाला नाही. आमच्याकडं भाजी घेतानासुद्धा लोक त्याहून मोठ्यानं बोलतात. कागद झाले, मुलगा पुण्याला नोकरीवर गेला, ती सामान घेऊन माहेरी गेली. सामानात ओव्हन गेला, तो तिचाच होता. ओट्यावर त्याची जागा रिकामी दिसायला लागली, म्हणून मी तिथं पिठाचा डबा ठेवला.

मला राग येतो तो एका गोष्टीचा. सह्या त्या दोघांनी केल्या, मला कुणी काही विचारलं नाही. कायद्यानं विचारायचं कारणही नाही, कळतं मला. पण नवरा-बायको वेगळे झाले तेव्हा माझ्या घरातली पोरही गेली, त्याचं काय? कुणी मेलं असतं तर लोक येऊन बसले असते. इथं शेजारणी नुसत्या म्हणाल्या, "बरं झालं, पोरंबाळं न्हाईत." मुलानं जाताना बजावलं होतं, "आई, तिला फोन करत बसू नकोस. तिलाही त्रास आणि मलाही." बरोबरच होतं त्याचं. मी केला नाही.

मग मध्यंतरी एका शनिवारी, ताटात पिठलं बघून नवरा म्हणाला, "ते पोरीचं शनिवारचं तुला जमत न्हाई व्हय गं?"

इतक्या दिवसांत त्यांनी तिचा विषय काढला नव्हता. मी फणकारले, "न जमायला मला काय धाड भरलीया?"

पुढच्या शनिवारी पास्ता आणला, चीज आणलं. दुपारी नवरा आडवा झाल्यावर कामाला लागले. लोण्यात मैदा परतला, दूध ओतलं, आणि पातेल्यात नुसत्या गुठळ्या. ते ओतून दिलं, परत केलं, परत तेच. मोबाइलवर असले व्हिडिओ ढिगानं आहेत, मला बघताही येतात. पण मला व्हिडिओ नको होता. खरं सांगायचं तर गुठळ्या झाल्या तेव्हा मला बरंच वाटलं. मी हात पुसले आणि तिला फोन लावला.

"बोला," ती म्हणाली.

कशी आहेस, बरी आहेस का, यातलं काही तोंडातून निघेना. "पांढऱ्या सॉसच्या गुठळ्या होतायत," मी म्हणाले. "दोनदा झाल्या."

 तिनं विचारलं, "गॅस चालूच हाय?"

"हाय की."

"आधी बंद करा. गार दूध घ्या, थोडं थोडं घाला आणि हात थांबवू नका. मग परत गॅस लावा."

तिनं फोन ठेवला नाही. मी मोबाइल पिठाच्या डब्याला टेकवून ठेवला आणि ती सांगत गेली. पास्ता पूर्ण शिजवायचा नाही, दाताखाली जरा लागला पाहिजे. एक थर पास्त्याचा, वर लाल सॉस, वर पांढरा. ओव्हन नाही म्हटल्यावर तिनं कढईत मीठ पसरून तापवायला सांगितलं. "काचेचं भांडं ठेवू नका, तडकंल. केकचा डबा घ्या. आणि वरनं लाल व्हायला झाकणाच्या जागी तवा ठेवा, कडक तापवून." मग म्हणाली, "चीज कमी घाला. त्यांना बीपी हाय न्हवं?"

मी हो म्हणाले. सॉस गुळगुळीत होत चालला होता आणि माझे डोळे भरून आले होते, तिला दिसत नव्हतं ते एक बरं. तिकडून मागांची खडखड येत नव्हती. माहेरून फोन असला की ती खडखड असायचीच. आज वीज गेली असेल, असं मी मनाशी म्हटलं. आणखी एक लक्षात आलं. एवढ्या बोलण्यात तिनं मला कशानंच हाक मारली नव्हती. आमच्याकडं होती तोवर मला आई म्हणायची आणि स्वतःच्या आईला मम्मी.

तेवढ्यात पलीकडं लांबून एका बाईनं तिला काहीतरी विचारलं. तिनं फोनवर हात ठेवला, तरी मला ऐकू आलं.

"आले हं, आई."

तिच्या मम्मीचा आवाज मी ओळखते. तो हा नव्हता.

पुन्हा फोनवर आली तेव्हा तिलाही कळलं होतं की मी ऐकलंय. "सांगणार होते," हळू आवाजात म्हणाली. "पण कसं सांगायचं?"

"चांगलं हाईत न्हवं सगळे?" मी विचारलं.

"हाईत. लई चांगले हाईत." मग म्हणाली, "ठेवते, काकू."

मला आनंद व्हायला हवा होता. झाला, पण उशिरा. आधी मला त्या न बघितलेल्या बाईचा, तिच्या नव्या सासूचा, हेवा वाटला. तिनं नुसती हाक मारायची आणि हिनं जायचं. त्या घरीही शनिवारी हिच्या शेजारी उभं राहून कुणी चीज किसत असेल, या विचारानं मी कढईपाशी उभी राहून रडले. मग तवा तापवायला ठेवला, कारण डबा आत गेलेला होता.

पास्ता चांगला झाला. वरनं लाल झाला, चटणीचा वासही तोच आला. नवऱ्यानं पहिला घास घेतला आणि माझ्याकडं बघितलं.

"फोन केलतास तिला?"

"केलता."

"काय म्हणाली?"

"चीज कमी घाला म्हणाली. तुम्हाला बीपी हाय म्हणून."

त्यांनी आणखी एक घास घेतला. "अजून ध्यानात हाय व्हय तिच्या," म्हणाले. चेहरा एकदम उजळला होता. मग ताट पुढं करून म्हणाले, "पुढच्या शनिवारी परत फोन कर की. विचार काहीतरी."

मी त्यांना आणखी वाढलं.

"आता कशाला विचारायचं?" मी म्हणाले. "मला येतंय की सगळं."