पिशवी न धरणाऱ्या आत्याबाई

अख्ख्या वऱ्हाडात हातात पिशवी न धरता संसार केलेली एकच बाई आहे, आणि ती माझ्या नवऱ्याची आत्या आहे. अकोल्याच्या या आत्याबाईंच्या हातात कापडाची म्हणा, नायलॉनची म्हणा, कसलीही पिशवी मी लग्नानंतर कित्येक वर्षं पाहिलीच नाही. भाजी पदरात, दळणाचा डबा कमरेवर, आणि चष्मा घरात कुठंच सापडत नसे त्या अर्थी तोही पदराच्याच कुठल्या तरी घडीत. भाजीवाल्या त्यांना ओळखून होत्या. त्या समोर दिसल्या की तागडी सरळ पदरात रिकामी करायच्या. एका शाळेनं तर प्लास्टिकबंदीवर बोलायला त्यांना पाहुण्या म्हणून नेलं. आत्याबाई माइकसमोर उभ्या राहिल्या, म्हणाल्या, "देवानं पदर देल्ला हाये, त पिशवी कायले पायजे वो?" आणि खाली बसल्या. पोरांच्या टाळ्या थांबेनात. शाळेनं कौतुकानं कापडी पिशवी भेट दिली, ती त्यांनी तिथंच बाईंना परत केली.

अमरावतीला आमच्याकडे यायच्या त्याही अशाच, एसटीनं, पदर भरून. कंडक्टरनं एकदा विचारलं, "आजी, हे लगेज काय?" तर म्हणे, "लुगडं हाये. लुगड्यालेही तिकीट लागते काय रे बाप्पा?" पुढं मूर्तिजापूरजवळ ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारला आणि पदरातली चार किलो वांगी गाडीभर झाली. सगळी एसटी खाली वाकली. कॉलेजच्या पोरी, एक वकील, दोन हवालदार, सगळे सीटखालून वांगी काढून आजीच्या पदरात टाकत होते. आमच्या दारात आल्या तेव्हा पदरात वांग्यांबरोबर कुणाचा तरी पेनही निघाला.

दुसरा त्यांचा छंद स्वप्नांचा. माणसं आपापली स्वप्नं पाहतात, आत्याबाई आमची पाहायच्या. झोपायच्या अकोल्यात आणि हिंडायच्या अमरावतीत, आमच्या घरातून. सकाळी पाच वाजता फोन. "सूनबाई, तुह्या सैपाकघरात गाय शिरली होती व. कडी लावत जाय." तिसऱ्या मजल्यावर गाय कुठून येणार, असं मी विचारलं की म्हणायच्या, "सपनातल्या गायीले जिना लागते काय?" माझा नवरा कोर्टात भल्याभल्यांना गप्प करतो, पण आत्यापुढं तोही हात जोडायचा. मी चिडचिड करायची, फोन ठेवायची आणि जाऊन कडी पाहून यायची.

मला मात्र जे झालं होतं ते त्यांच्या एकाही स्वप्नात आलं नाही. लग्नाला चार वर्षं झाली होती. मूल नव्हतं, महिन्याचे दहा दहा दिवस अंगावरून जायचं, जिना चढताना डोळ्यांपुढं अंधारी यायची. सोनोग्राफीत गर्भाशयात गाठी निघाल्या. साध्याच होत्या, पण एक मोसंबीएवढी. डॉक्टरबाई म्हणाल्या, ऑपरेशन करून काढू, नंतर मूल होऊ शकेल, खात्री मात्र कुणी देणार नाही. मला मूल हवं होतं. उगाच आडवळणानं कशाला सांगू, रस्त्यात कुणाच्या कडेवरचं बाळ माझ्याकडं बघून हसलं तरी मला घरी येऊन रडू यायचं.

ऑपरेशनच्या दिवशी आत्याबाई पहिल्या गाडीनं हजर. संमतीच्या कागदावर एक ओळ होती, रक्तस्राव आवरला नाही तर गर्भाशय काढावं लागेल. आमच्याकडच्या बायका गर्भाशय म्हणत नाहीत, पिशवी म्हणतात. नवऱ्यानं ती ओळ आत्याला त्याच शब्दात समजावून सांगितली. आत्याबाई उठल्या, डॉक्टरबाईंना व्हरांड्यात गाठलं आणि म्हणाल्या, "बाई, गाठी काढजा. पिशवीले हात नोका लावजा."

"आजी, प्रयत्न तोच आहे. पण जिवावर बेतलं तर?"

"तर मले बोलवजा," म्हणाल्या. जणू आत जाऊन त्याच टाके घालणार होत्या.

नंतर तीन तास त्या ऑपरेशनच्या खोलीच्या दारासमोर पदर पसरून बसल्या. कुणा रुग्णाचा नातेवाईक केळी वाटत चालला होता, त्यानं बिचाऱ्यानं त्या पदरात दोन केळी टाकली. आत्याबाईंनी ती खाल्ली नाहीत की परत दिली नाहीत. मी शुद्धीवर आले तेव्हा उशाशी ती दोन केळी होती आणि आत्याबाई माझ्या कानाशी वाकून सांगत होत्या, "हाये व. पिशवी हाये जागेवर."

त्या संध्याकाळी, मी अर्धवट गुंगीत असताना, त्या खिडकीकडं बघत बोलायला लागल्या. "माही काढली व. बत्तीस वर्साची होती मी. गाठीच होत्या, तुह्यासारख्या. कोनी मले इचारलं नाही. सासू म्हने, काढूनच टाका, कटकट नोको. दवाखान्यातून घरी आली, त दारामागं खिळ्याले बजाराची पिशवी टांगली होती. रिकामी. ते पाह्यलं आन् मले कसंचं झालं. तवापासून हातात धरली नाही मी." मला वाटलं हे मी स्वप्नातच ऐकतेय. सकाळी विचारलं तर म्हणाल्या, "काही नाही, तू झोप."

घरी आल्यावर त्यांनी 'गाठ' या शब्दावर बंदी घातली. माझा नवरा फोनवर सहज म्हणाला, "आत्या, रविवारी तुझी गाठ घ्यायला येतो," तर फोन कट. त्या वर्षी होळीच्या आधी दुकानांतून साखरेच्या गाठ्या लटकल्या, लहान लेकरांच्या गळ्यात घालतात त्या. आत्याबाई त्या बाजारातून मान खाली घालून, भर रस्त्याच्या मधून चालल्या. मागून ऑटोवाले हॉर्न वाजवतायत आणि या म्हणतायत, "वाजव बाप्पा, वाजव. मी तिकडं पाह्यत नाही."

दीड वर्षानं मला दिवस राहिले. आम्ही अजून कुणाला सांगितलं नव्हतं, पाच वाजता फोन आला. "सूनबाई, मी बजारात गेली होती सपनात. काही घेतलं नाही व, पन पदर लय जड झाला." मी नुसती रडले. त्याही तिकडं रडल्या. मग म्हणाल्या, "रडू नोको, टाक्यांले तान पडते."

टाक्यांचीच तर धास्ती होती. शिवलेल्या गर्भाशयाला कळा झेपणार नाहीत, कळा सुरू होण्याआधीच सिझेरियन करायचं, पोटात जरा दुखलं तरी निघून या, असं डॉक्टरबाईंनी बजावलं होतं. सातव्या महिन्यात एका दुपारी पोट दगडासारखं घट्ट झालं. आम्ही धावतपळत दवाखान्यात गेलो. टाके शाबूत होते, पण झोपून राहायला सांगितलं. नवऱ्याचा फोन गेला आणि संध्याकाळी आत्याबाई आमच्या दारात, पदर रिकामा. पहिल्यांदाच काही न आणता आल्या होत्या. माझ्या पोटावर हात ठेवला आणि आतल्याला दम भरला, "राह्य तेथीच. कोनी हाकलून राह्यलं काय तुले? काहून घाई करून राह्यला?" खिडकीचा पडदा हलत होता, पंखा फिरत होता, त्यांच्या पदराला सांभाराचा, म्हणजे कोथिंबिरीचा, वास होता. त्या पुटपुटत होत्या आणि मी झोपेत उतरत गेले. जागी झाले तेव्हा पोट मऊ होतं आणि आत्याबाई बसल्याबसल्या घोरत होत्या. असे दोन महिने गेले.

ठरल्या दिवशी मुलगी झाली. आत्याबाईंनी तिला पदरात घेतलं आणि डॉक्टरबाईंना म्हणाल्या, "शिलाई पक्की हाये तुमची." त्यानंतर पाच वाजताचे फोन बंदच झाले. विचारलं तर म्हणायच्या, "आता सपनं नाही पडत व. मस्त झोप लागते." मला उगाच चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं.

मग होळी आली. मी लेकीला घेऊन स्टँडवर त्यांना आणायला गेले. गाडीतून आत्याबाई उतरल्या आणि मी बघतच राहिले. हातात पिशवी होती. जुन्या लुगड्याच्या पदराची, हातानं शिवलेली, बंद जरा वाकडेच. त्यांनी तिथंच, माणसांच्या गर्दीत, पिशवीतून साखरेची गाठी काढली, लेकीच्या गळ्यात घातली आणि मोठ्यानं म्हणाल्या, "पाह्य व माय, तुह्यासाठी गाठी आनली." लेकीनं गाठी तोंडात घातली. आम्ही दोघी हसलो आणि मग हसू काही धड टिकलं नाही.

दुसऱ्या दिवशी परत जाताना पिशवी आमच्या दारामागच्या खिळ्याला अडकवून निघाल्या. मी म्हटलं, "आत्याबाई, तुमची पिशवी राहिली."

"राहू दे तुह्याच घरी," त्या जिना उतरताना म्हणाल्या, "फक्त रिकामी नोको ठेवजो."

तेव्हापासून मी तिच्यात लेकीची झबली ठेवते.