मोठा मासाही सोडायचा

लोणावळ्याच्या बाजारात माझं वह्या-पुस्तकांचं दुकान आहे आणि समोर वाहिदभाईंचं मासळीचं. मुंबईहून मासळीचा टेम्पो घाट चढून आला की त्यांचा दिवस सुरू होतो. त्यांची थोरली मुलगी उम्मेहानी शाळा सुटली की थेट दुकानात यायची. घोळ माशाचं डोकं फोडलं की आत दोन पांढरे खडे निघतात, ते धुऊन डबीत ठेवायची. माशाच्या कानातली ती हाडं, आणि त्यांवरून माशाचं वय कळतं, हे तिला पुढे कॉलेजात समजलं. तेव्हा तिला ते नुसते आवडायचे.

पुण्यात प्राणिशास्त्र झालं, रत्नागिरीला मत्स्यशास्त्र झालं. मग काही वर्षं ती कोकणातल्या बंदरांवर बोटींतून उतरणारी मासळी मोजत फिरली. आणि एका रविवारी घरी येऊन तिनं सांगितलं, की एका परदेशी संस्थेनं तिची निवड केली आहे. काम अंटार्क्टिकाजवळच्या समुद्रात.

तिथे मासेमारी चालते, पण मोजूनमापून. बऱ्याच देशांनी मिळून नियम केले आहेत. प्रत्येक बोटीवर एक निरीक्षक ठेवावा लागतो, तो बोटवाल्यांचा नोकर नसतो. किती मासे निघाले, गळाला पक्षी अडकले का, भोवती कोणते देवमासे आणि सील आले, हे त्यानं पाहायचं आणि जसं दिसलं तसं कळवायचं.

वाहिदभाईंनी सगळं ऐकून घेतलं. "बोटीवर बायका किती?" एवढंच विचारलं.

"मी धरून एक."

घरात दोन दिवस कुणी धड जेवलं नाही. अम्मी म्हणाली, थंडीनं मरशील. चुलते म्हणाले, लोक काय म्हणतील. तिसऱ्या दिवशी औंढ्याच्या सरूबाई, ज्या वाहिदभाईंच्या शेजारी भाजी घेऊन बसतात, त्यांना हे कळलं. त्या मेथीची जुडी बांधता बांधता म्हणाल्या, "वाहिदभाऊ, मग पोरीला एवढी शिकवली कशापायी? हितं बसून बोंबील मोजायला व्हय? तिला भ्या वाटत न्हाई, तुमालाच लय वाटतंय."

 दुपारी वाहिदभाई माझ्या दुकानात आले. "राजेंद्रभाऊ, जगाचा नकाशा आहे का? खालची बाजू नीट दिसेल असा द्या."

मला तेव्हाच कळलं, पोरगी जाणार.

पुढचं सगळं तिनं परत आल्यावर माझ्या दुकानात बसून सांगितलं.

केपटाऊनहून बोट निघाली. कप्तान स्पॅनिश, केस पिकलेला, मोजकं बोलणारा. खलाशी बहुतेक इंडोनेशियाचे. त्यांतला सुगियांतो सगळ्यांत वयस्क. गळ लावलेली मैलोनमैल लांब दोरी समुद्राच्या तळाशी सोडायची आणि मग ती यंत्रानं वर ओढायची. गळाला टूथफिश नावाचा मासा लागतो. पूर्ण वाढला तर माणसाएवढा. तळाशी, गोठत आलेल्या पाण्यात राहतो, हळू वाढतो, पुष्कळ जगतो.

नियम असा, की निघालेल्या माशांतले काही जिवंत मासे पाठीला खुणेच्या पट्ट्या लावून परत सोडायचे. पुढच्या वर्षांत त्यांतले किती पुन्हा पकडले जातात, त्यावरून समुद्रात एकूण किती असावेत याचा अंदाज बांधतात. पण पट्टी लावायला लहान-मोठे सगळे घ्यायचे, जसे निघतील तसे, ठरलेल्या संख्येमागे एक, ज्याची पाळी येईल तो.

उम्मेहानीच्या लगेच लक्षात आलं, की पट्टीसाठी मासे जिवंत ठेवायच्या तिच्या टाकीत फक्त लहान मासे येतायत. मोठे सरळ कापायला जातायत. ती कप्तानाकडे गेली.

"मासे जिवंत आहेत ना? पट्ट्या लागतायत ना?" कप्तान म्हणाला.

"लागतायत. पण दोरीला मोठे येतायत आणि माझ्याकडे लहान."

"मोठा मासा पाण्यात सोडायला माझ्या माणसांचा हात होत नाही. विक्रीच्या पैशात त्यांचा वाटा असतो."

"ते मला कळतं, कप्तान. माझे वडील मासळीच विकतात. पण मी रोज कापायच्या आणि सोडायच्या, दोन्ही माशांची लांबी लिहिते. ती शेजारी शेजारी ठेवली की कुणालाही फरक दिसेल. मी कुणाचं नाव घेणार नाही, घ्यावं लागणारही नाही."

"धमकी आहे?"

"नाही. नंतर तुम्हाला धक्का बसू नये म्हणून आधी सांगतेय. नुसत्या लहानांना पट्ट्या लावल्या तर हिशेब चुकेल. आणि चुकलेल्या हिशेबावर पुढच्या वर्षी तुम्हाला किती मासे धरू द्यायचे ते ठरेल."

कप्तान म्हणाला, "बघू."

काही बदललं नाही. उलट ती जेवायला बसली की टेबलावरचं बोलणं थांबायला लागलं. सुगियांतो तेवढा बोलायचा. तिथे उन्हाळ्यात सूर्य मावळतच नाही म्हटलं तरी चालेल, म्हणून नमाजाच्या वेळा केपटाऊनच्या धरायच्या, हे त्या दोघांनी मिळून ठरवलं होतं. तो तिला विचारायचा, सोडलेला मासा खरंच परत सापडतो का? ती म्हणायची, काही सापडतात, पुष्कळ वर्षांनीसुद्धा.

मग एके दिवशी ऑर्का आले. काळेपांढरे, शिकारी देवमासे, सगळं कुटुंबच. दोरी ओढायच्या यंत्राचा आवाज ते ओळखतात. मासा वर यायला लागला की वाटेतच तोडून नेतात. गळांना नुसते माशांचे ओठ लटकून यायला लागले. खलाशी शिव्या देत होते. उम्मेहानी कठड्याशी उभी राहून ऑर्कांच्या पाठपंखांचे फोटो काढत होती. त्या पंखांवरच्या खाचांवरून एकेक जनावर ओळखता येतं.

तेवढ्यात एक मासा सहीसलामत वर आला. भला मोठा, तोंड उघडझाप करत होता, अंगावर ओरखडासुद्धा नव्हता. पट्टीची पाळी त्याचीच होती. डेकवरचा मुकादम ओरडला, "आकडा मारा!"

मासा भोसकून ओढायचा तो आकडा सुगियांतोनं उचलला नाही. माशाखाली झोळी सारली आणि दुसऱ्या खलाशाला हाक मारून तो उम्मेहानीकडे आणला. "हा तुझा," तो म्हणाला.

मुकादम तावातावानं कप्तानाकडे बघायला लागला. वरच्या सुकाणूखोलीच्या काचेआडून कप्तान सगळं पाहत होता.  उम्मेहानीनं मासा मोजला, पट्ट्या लावल्या.

"झालं ना? टाक आता पाण्यात," मुकादम म्हणाला.

"आता नाही."

मुकादम हसला. "तुझाही जीव होत नाही तर!"

"खाली ऑर्का आहेत. आत्ता सोडला तर दोन मिनिटांत खातील. मग पट्टी कशाला लावली?" तिनं मासा वाहत्या समुद्राच्या पाण्याच्या टाकीत ठेवला आणि कप्तानाकडे गेली. "बोट कुठे न्यायची हे तुम्ही ठरवायचं. मी फक्त विचारते, इथून लांब कधी जाणार आहात?"

कप्तानानं खाली ऑर्कांकडे एकदा पाहिलं. मग म्हणाला, "इथे ओढत राहिलो तर त्यांनाच जेवू घालतोय. उरलेली दोरी तळाशी राहू दे. आपण जाऊ."

बोट निघाली. उम्मेहानी टाकीजवळ बसून राहिली. पाण्याचा नळ गोठू नये म्हणून सारखा तपासावा लागत होता. हातमोज्यांतली बोटं बधिर झाली होती. मध्येच मुकादमानं चहाचा मग तिच्याशेजारी आणून ठेवला आणि कामाला निघून गेला.

मागे ऑर्का दिसेनासे झाल्यावर तिनं आणि सुगियांतोनं झोळी पाण्यात उतरवली. मासा क्षणभर तसाच पडून राहिला. ती सांगते, तेवढाच वेळ तिला भीती वाटली. मग शेपटीचा एक फटका, आणि तो सरळ खाली गेला.

कप्तान मागे येऊन उभा होता. मुकादमाला म्हणाला, "पुढचा मोठा आला, पाळी असली, की तोही."

त्या दिवसानंतर टाकीत मासे पाळीनं यायला लागले, लहान तसे मोठे. सफर संपली तेव्हा दोन्हीकडची मापं जुळत होती. अहवालात तिनं सुरुवातीचे दिवसही जसेच्या तसे लिहिले आणि ते पान कप्तानाला दाखवलं. त्यानं वाचलं, मान हलवली. "खरं आहे," म्हणाला.

सध्या ती तिसऱ्यांदा तिकडे गेली आहे. मध्यंतरी नव्या निरीक्षकांना शिकवायला तिला बोलावलं होतं. त्या तुकडीत इथल्याच बेडसे गावातली शुभदा नावाची मुलगीही होती, आता तीही बोटीवर चढली आहे. अम्मी बायकांना सांगते, आमची पोरगी देवमाशांना तोंडावरून ओळखते. पंखावरून ओळखते, हे तिला कितीदा सांगून झालं.

परवा टेम्पोवाल्या झुबेरनं वीतभर सुरमईचं क्रेट उतरवलं. वाहिदभाईंनी एक मासा उचलून तळहातावर ठेवला.

"हे नको. अंडी घालायच्या आधीच धरलंय."

"चाचा, गिऱ्हाईक हेच मागतं."

"माझं गिऱ्हाईक थांबेल. परत ने, आणि धरणाऱ्याला सांग, लोणावळ्यात हे कुणी घेत नाही."

झुबेरनं क्रेट उचलून टेम्पोत ठेवलं.