मंगळवार माझा आहे

विश्रांतवाडीहून दोन बस बदलून शालन ओव्हाळ रोज सकाळी आठच्या आत बिबवेवाडीला पोचायची. तिथल्या एका सोसायटीत राधाबाई नावाच्या ब्याऐंशी वर्षांच्या आजी अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळल्या होत्या. त्यांना कुशीवर वळवायचं, अंग पुसायचं, पातळ खिमट चमच्यानं भरवायचं, ही सगळी कामं शालनची. पन्नाशी ओलांडलेल्या शालननं आजवर अशी किती माणसं सांभाळली, तिलाच आठवत नव्हतं.

काम तिला एका एजन्सीतून मिळालं होतं. एजन्सीनं सगळ्या बायकांच्या फोनमध्ये एक अ‍ॅप घालून दिलं होतं. "पेशंटच्या घरी पोचलात की हजेरी आपोआप लागते, मावशी. तुम्हालाच सोपं," असं म्हणत सुपरवायझर उत्कर्षानं शालनच्या हातातून फोन घेतला होता आणि स्वतःच दोन-तीन ठिकाणी बोट दाबून परत दिला होता.

शालनला मंगळवारी सुट्टी असायची. लागोपाठ चार मंगळवार ती धाकट्या बहिणीला, दीपमालाला, घेऊन सरकारी टीबीच्या दवाखान्यात गेली. दीपमालाच्या मानेला गाठी आल्या होत्या. "हा टीबी खोकल्यातून पसरत नाही," डॉक्टरांनी सांगितलं. तरी राधाबाईंच्या काळजीपोटी शालननं स्वतःच्या छातीचा फोटो काढून घेतला. तो स्वच्छ आला.

दीपमाला धायरीला सासरी राहायची. सासरी कळलं तर आपल्याला माहेरी धाडतील, पोरांना जवळ येऊ देणार नाहीत, या धास्तीनं ती अर्धी झाली होती.

"अक्का, कुणाला बोलू नको."

"नाही बोलत," शालन म्हणाली.

चौथ्या मंगळवारनंतर बुधवारी ती नेहमीप्रमाणे राधाबाईंकडे पोचली. दार राधाबाईंच्या मुलानं, पृथ्वीराजनं, उघडलं. तोंडाला मास्क होता आणि एक हात चौकटीवर आडवा.

"आत येऊ नका. एजन्सीतून फोन आला होता. तुम्ही टीबीच्या दवाखान्यात जाता. आम्हाला सांगायला नको? आई काय अवस्थेत आहे, माहिती आहे ना तुम्हाला?"

"मला टीबी नाही, साहेब."

"मग दर आठवड्याला तिथे काय फिरायला जाता?"

जिन्यात शेजारचे गृहस्थ पिशवी घेऊन थबकले होते. पृथ्वीराजचा आवाज त्यांच्यासाठीही पुरेसा होता. आतून राधाबाईंची जड जिभेची हाक आली, "शालन आली का गं?" पृथ्वीराजनं दार लावून घेतलं.

शालन तडक सातारा रस्त्यावरच्या एजन्सीच्या ऑफिसात गेली. बाकावर सहा-सात बायका दुपारच्या ड्युटीची वाट बघत बसल्या होत्या. उत्कर्षा कॉम्प्युटरसमोर होती.

"मी कुठं जाते, हे तुला कुणी सांगितलं?"

"मावशी, रागावू नका. सिस्टिममध्ये दिसतं ना." उत्कर्षानं स्क्रीन तिच्याकडे वळवली. नकाशावर निळी रेघ होती. विश्रांतवाडीचं घर, बुद्धविहार, लेकीची सोसायटी, दवाखाना. दवाखान्यापुढं लिहिलं होतं, दोन तास अकरा मिनिटं.

शालनची कानशिलं तापली. विहारात ती किती वेळ डोळे मिटून बसली, तेही त्या पोरीनं मोजलं होतं.

"हजेरीसाठी घातलं म्हणालीस. सुट्टीत कसली हजेरी?"

"ते चोवीस तास चालूच असतं. तुम्हीच तर अलाउ केलंय."

"मी? बोट तुझं होतं."

उत्कर्षानं आवाज मऊ केला. "हे बघा, डॉक्टरांचं फिटनेस सर्टिफिकेट आणा. उद्या दुसरा पेशंट देते. नाहीतर सांगा, कोणासाठी जाता?"

छातीच्या फोटोचा रिपोर्ट शालनच्या पर्समध्येच होता. पर्सच्या चेनवर तिचा हात गेला. मग तिच्या ध्यानात आलं, हा कागद टेबलावर ठेवला की पुढचा प्रश्न तोच: मग आजारी कोण? तिनं हात काढून घेतला.

"नाही सांगत. आठ ते आठ मी तुमची. मंगळवार माझा आहे. मी दवाखान्यात जाईन नाहीतर स्मशानात जाईन."

बाकावरून कौशल्या उठली. ती शालनच्याच वयाची, फारशी कुणाशी न बोलणारी. "मॅडम, माझंही दिसतं का? सुट्टीतलं?"

उत्कर्षानं स्क्रीन परत स्वतःकडे वळवली.

"दिसतं," शालन म्हणाली.

कौशल्याचा चेहरा उतरला. ती कुठं जात होती, ते शालननं विचारलं नाही. पण कौशल्यानं आपला फोन टेबलावर आपटल्यासारखा ठेवला. "हे आत्ताच्या आत्ता काढा." तिच्यामागून एकेक करत सगळ्यांचे फोन टेबलावर आले. उत्कर्षानं मालकाला फोन लावला. तासभर बाचाबाची झाली. दुपारी एकही बाई कामावर गेली नाही आणि पेशंटांच्या घरून फोन सुरू झाले, तेव्हा मालक नमला. ड्युटी संपली की अ‍ॅप बंद, असं त्यानं सहीनिशी लिहून दिलं.

शालनला मात्र सर्टिफिकेटशिवाय काम मिळणार नव्हतं. तिनं ते आणलं नाही. एजन्सी सोडली.

दीपमालाला हे कळलं तेव्हा ती रडायला लागली. "माझ्यामुळं झालं. मी सांगते त्यांना खरं."

"गप्प बस!" शालन ओरडली. "तू काय चोरी केलीस? चोरी त्यांनी केली. तू गोळ्या घे."

धनकवडीत एका निवृत्त मास्तरीणबाईंकडे तिला ओळखीतून काम मिळालं. तीनएक आठवड्यांनी पृथ्वीराजचा फोन आला.

"मावशी, आई नव्या बाईच्या हातून खात नाही. तुमचंच नाव घेते. एजन्सीला मध्ये घालायला नको, तुम्ही डायरेक्ट या."

राधाबाईंना भरवताना चमचा उजव्या बाजूनं न्यावा लागतो, नाहीतर ठसका लागतो. हे नव्या बाईला कुणी सांगितलं असेल का, असं शालनच्या मनात आलं. तरी ती म्हणाली,

"येते. आधी सोसायटीत सांगा, शालनला टीबी नव्हता, मी खोटं बोललो म्हणून. जिन्यातल्या त्या गृहस्थांना सांगा, वॉचमनला सांगा."

"अहो, आता कशाला ते उकरायचं? झालं गेलं."

"तुमचं झालं असेल."

तिनं फोन कापला. मग आठवलं तसं परत लावला. "चमचा उजवीकडून घाला म्हणावं त्या बाईला," एवढं सांगितलं आणि पृथ्वीराज पुढं काही बोलायच्या आत पुन्हा कापला.