नळीवरचं साल

आज पनवेलच्या घरी जुन्या रायफलच्या लाकडी दस्त्याला जवसाचं तेल चोळत होतो. त्या वासानं अस्वस्थ झालो. नेरे गावातल्या मावशींच्या घराची ओटी आठवली.

तेव्हा मी परवाना काढून हातानं खिट्टी ओढून गोळी भरायच्या जुन्या बोल्ट-अॅक्शन रायफली जमवायला नुकताच लागलो होतो. ओळखीतल्या या मावशींचे यजमान वारले होते. त्यांची रायफल वारस म्हणून ठेवावी की पोलिसांत द्यावी, हे मावशींना ठरवायचं होतं.

“माज्या सासऱ्यांची हाय ही. आमचे ह्येच सांगायचे,” त्या म्हणाल्या.

मी नळीवर कोरलेलं साल वाचलं, सासरे कधी गेले ते विचारलं आणि ऐटीत म्हणालो, “नाही मावशी. ही तुमचे सासरे गेल्यावर बनलीय.”

तेलकट लाकडावरून फिरणारा त्यांचा हात थांबला. “मंग ह्यांनी मला जल्मभर खोटंच सांगितलं?”

त्याच आठवड्यात त्यांनी रायफल ठाण्यात देऊन टाकली.

झिजलेली नळी बदलतात, तेव्हा साल नव्या नळीचं असतं, हे मला फार उशिरा कळलं. बोल्टजवळच्या, मूळ बनावटीचं साल सांगणाऱ्या जुन्या खुणा मी पाहिल्याच नव्हत्या. आधी ठाण्यात गेलो, मग नेऱ्याला जाऊन मावशींना माझी चूक सांगितली.

त्यांचा चेहरा उजळला. “मंग आता कुठं हाय ती?”

ती वितळवल्याचं मी ठाण्यातूनच ऐकून आलो होतो.