वारा पडतो तेव्हा

"वारा धरतो गं, तू बिनधास्त रेल!" कड्याच्या टोकावरून तो तरुण बायकोला ओरडून सांगत होता. ऐन पावसाळ्यात शिखरावर आम्ही तिघंच होतो. दरीतून वर येणाऱ्या वाऱ्यावर तो हात पसरून, छाती टेकवून, पुढे झुकला होता. पायाखालचा खडक शेवाळलेला होता.

"अहो, पोट आत घ्या, व्हिडिओत दिसतंय!" ती हसत म्हणाली.

मला त्यांना थांबवायचं होतं. पण अनोळखी माणसांशी बोलायचं वाक्य मी आधी मनात रचते, आणि ते जुळेपर्यंत वेळ निघून जाते.

तेवढ्यात वारा पडला.

माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. आई 'वारा पडलाय' म्हणायची तेव्हा मला हसू यायचं, वारा कसा पडेल? आज तो माझ्यासमोर पडला. त्या माणसाने ज्यावर भार टाकला होता, ते एका क्षणात नव्हतंच. त्याचा पाय घसरला आणि तो कसाबसा मागे बसला. एक बूट कड्याबाहेर लोंबत होता. ज्याने कधी काही कबूल केलेलं नसतं, त्याच्यावर आपण किती सहज रेलतो!

मग वारा पुन्हा आला. तो तरुण हसत उठला. "बघ, काही होत नाही. आता तू ये."

तिने मोबाइल माझ्यापुढे धरला. "ताई, काढता का जरा?"

मी मोबाइल घेतला नाही. तिचं मनगटच घट्ट धरलं.

"नाही," मी म्हणाले, "वारा पुन्हा पडेल."